इंदूरची लॉगलाइन वर्कशॉप: खोलीचे पैसे वसूल, रिपोर्टचे नाही

आधीच सांगतो, नाव लिहीत नाहीये. अर्ध्या गोष्टी चांगल्या आहेत आणि अर्ध्यांवर मी चिडलेलो आहे, आणि इंदूर काही एवढं मोठं नाही, त्यात मराठी मंडळी तर अजून कमी, रामबागेत कोणी शिंकलं तर राजेंद्र नगरात ऐकू येतं. ज्याला जायचंय तो बरोब्बर शोधून काढेल. चार रविवार, सकाळी १० ते १, फी २४०० रुपये, आणि वरून लेखी क्रिटिकचं वेगळं पॅकेज, एका लॉगलाइनचे ३०० प्रमाणे. विषय एकच, ड्रामा फिल्मच्या स्क्रिप्टची लॉगलाइन लिहायची आणि दुसऱ्यानं लिहिलेलीची चिरफाड करायची. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, एका ओळीचे चोवीसशे?" मी म्हटलं एक नाही, दोन ओळी पण चालतात.

मी कोण तर पीथमपूरला एका कंपनीत अकाउंट्समध्ये, आणि कॉलनीच्या गणपतीत दर वर्षी एकांकिका बसवणारा माणूस. दोन वर्षांपासून एक स्क्रीनप्ले लिहितोय, ११० पानं झालीत, आणि कोणी विचारलं की स्टोरी काय आहे तर मला सांगायला पंचवीस मिनिटं लागतात, तोपर्यंत समोरच्याचा चहा गार आणि चेहरा पण. म्हणून गेलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लॉगलाइन म्हणजे अख्ख्या फिल्मची गोष्ट एक किंवा दोन वाक्यांत, साधारण पंचवीस-तीस शब्द. पूर्वी हॉलिवूडच्या स्टुडिओत आलेल्या स्क्रिप्टांची नोंदवही ठेवायचे, तिच्यात प्रत्येकीपुढे एक ओळ लिहायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. पोस्टरवर जी चटकदार ओळ असते ती टॅगलाइन, ती वेगळी. हा फरक आमच्या बॅचमधल्या बँकेतून रिटायर झालेल्या काकांना चार रविवार समजला नाही. त्यांनी पहिल्या दिवशी लिहून आणलं होतं, "कारण काही हिशोब कधीच जुळत नसतात..." शेवटी तीन टिंबं. सर म्हणाले काका ओळ छान आहे पण फिल्म कशाची आहे? काका म्हणाले तेच तर सस्पेन्स आहे.

सर म्हणजे मुंबईला बरीच वर्षं सिरियली लिहून परत आलेले आपलेच इंदूरचे. माणूस चांगला, जीभ तिखट, वेळेचं अजिबात नाही. १० चा वर्ग सव्वादहाच्या आधी एकदाही सुरू झाला नाही, आणि मग पोहे आले म्हणून अजून दहा मिनिटं. पोह्यांना मात्र पूर्ण मार्क, वर शेव आणि जिरावण मसाला, बाजूला जिलेबी, हे त्यांनी फीमध्ये धरलेलं होतं. खोली अशी तशीच. जुन्या वाड्याचा वरचा मजला, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा आवाज करतो आणि दुसरा फिरत नाही, आणि खालून गल्लीत ई-रिक्षांचे हॉर्न. बारा जण होतो.

आता मुद्द्याचं. पहिल्या दिवशी प्रत्येकानं घरून आणलेली लॉगलाइन वाचायची होती. माझी अशी होती, लाज सोडून जशीच्या तशी देतो:

"गिरणी कामगारांचा संघर्ष, त्यांची स्वप्नं आणि बदलत्या काळात हरवत चाललेल्या नात्यांची हृदयस्पर्शी कहाणी."

मला वाटलं होतं लोक मान डोलावतील. सरांनी वहीत काही लिहिलं नाही, फक्त विचारलं, "ह्यात मी कॅमेरा कुठे लावू?" बस्स, एवढंच, आणि पुढच्याला वाच म्हणाले. माझ्यानंतर पत्रकारिता शिकणारी एक मुलगी होती, तिची होती "एका स्त्रीचा स्वतःच्या शोधाचा प्रवास". सर म्हणाले, "प्रवास कुठल्या गाडीनं, अवंतिकानं की इंदूर-पुण्यानं?" सगळे हसले, ती पण हसली, पण तिचं तोंड पडलं होतं थोडं. मग त्यांनी फळ्यावर काही शब्द लिहिले आणि चार रविवार ते बंद म्हणून सांगितलं. प्रवास, संघर्ष, शोध, गुंफण, हृदयस्पर्शी, नात्यांचा पट, आणि "आयुष्य बदलून टाकणारी घटना". आयुष्य बदलून टाकणारी घटना असेल तर ती घटना लिहा ना, ती लपवून का ठेवता, लॉगलाइन म्हणजे काही राखीची भेट नाहीये.

ड्रामाची लॉगलाइन सगळ्यात अवघड का, हे त्यांनी फार चांगलं सांगितलं, त्यासाठी मी फी माफ करायला तयार आहे. थ्रिलरमध्ये बॉम्ब असतो, घड्याळ असतं, ओळ आपोआप लिहिली जाते. ड्रामामध्ये जे होतं ते माणसाच्या आत होतं, आणि आतलं लिहायला गेलं की शब्द धुरकट होतात, म्हणूनच आपण सगळे संघर्ष आणि प्रवासावर जाऊन पडतो. उपाय असा की आतलं जे आहे ते बाहेरच्या एका दिसणाऱ्या गोष्टीला बांधायचं. घर विकायची सही, लग्नाचं जेवण, हॉस्पिटलातून मिळालेला एक दिवस, असं काहीतरी जे डोळ्यांना दिसतं आणि जे एकतर होतं नाहीतर होत नाही. मग त्याच्यावर चार प्रश्न. कोण? त्याला काय पाहिजे? आडवं कोण येतंय? आणि नाही जमलं तर जातं काय? माणसाचं नाव लिहायचं नाही, कारण रमेश म्हटलं काय आणि सुरेश म्हटलं काय, वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, त्यापेक्षा "सत्तरीतला फिटर" म्हटलं की माणूस उभा राहतो. आणि शेवट सांगायचा नाही, म्हणजे निदान लॉगलाइनमध्ये नाही.

ह्याची प्रॅक्टिस म्हणून त्यांनी "श्वास"ची लॉगलाइन लिहायला सांगितली. संदीप सावंतांची २००४ ची फिल्म, खोलीत बहुतेकांनी पाहिलेली, नसेल पाहिली त्यांना पाच मिनिटांत गोष्ट सांगितली. गंमत बघा, बारापैकी सात जणांनी "आजोबा आणि नातवाच्या हळव्या नात्याची गोष्ट" टाईप लिहिलं, म्हणजे फळ्यावरचे शब्द टाळले आणि त्यांचे चुलतभाऊ आणले. शेवटी सगळ्यांनी मिळून जी बनवली ती अशी: "नातवाचा जीव वाचवायचा तर त्याचे डोळे जाणार हे कळलेल्या खेड्यातल्या आजोबांना ऑपरेशनआधी त्याला जग दाखवून घ्यायचंय." ह्याच्यात व्हिलन नाहीये बघा. डॉक्टर वाईट नाही, कोणीच वाईट नाही, तरी ओळ ओढते, कारण जगणं आणि बघणं ह्यातलं एकच मिळणार आहे. ड्रामामध्ये आडवा येणारा माणूसच पाहिजे असं नाही, एक न करता येण्यासारखी निवड पण चालते. ह्यावर अर्धा तास वाद झाला की "जग दाखवून घ्यायचंय" लिहिलं तर शेवट फुटला का. माझं मत, नाही फुटला, कारण त्याला काय पाहिजे ते आपण सांगतोय, मिळतं का ते नाही. काकांचं मत, फुटला. काका अजून तिथेच आहेत.

दुसऱ्या रविवारी पहिली तक्रार. घोषणा मराठी वर्कशॉपची होती आणि हातात जे हँडआउट आलं ते इंग्रजी. त्यात एक साचा छापलेला, की जेव्हा अमुक घडतं तेव्हा तमुकला हे करावंच लागतं नाहीतर ते होईल, आणि मोकळ्या जागा भरायच्या. इंग्रजीत हा साचा चालत असेल, नाही कशाला म्हणू. पण मराठीत भरून बघा (झांकी म्हणजे ट्रॉलीवरचा हलता देखावा, त्याबद्दल पुढे सांगतो): "जेव्हा मिल बंद पडते, तेव्हा एका जिद्दी कामगाराला झांकी बनवावीच लागते, नाहीतर तो सगळं गमावून बसेल." हे डबिंग झालेल्या कार्टूनसारखं वाटतं की नाही? मी हे बोललो वर्गात, आणि सरांचं मोठेपण असं की ते म्हणाले बरोबर आहे, मग तुम्हीच सांगा मराठीत कसं लिहायचं. पुढचा तास जो झाला तो सगळ्यात भारी.

आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणजे वाचणारा शेवटपर्यंत थांबतोच, त्याला थांबवायला जेव्हा-तेव्हाची काठी लागत नाही. आणि आपल्याकडे नामाच्या आधी कितीही माल लादता येतो, "डोळे जाणार हे कळलेल्या आजोबांना", म्हणजे घटना आणि माणूस एकाच घासात. आणि ह्याउपर बोलताना आपण क्रियापदाच्या पुढे पण एखादा शब्द टाकतो ना, "घेतलंय त्याच्याच मुलानं", तसा टाकला तर त्या शब्दावर सगळा उजेड पडतो. पुस्तकी व्याकरणाचे लोक नाक मुरडतील, मुरडू द्या. शब्दमर्यादेचा पण घोळ आहे, ३० शब्द हा हिशोब इंग्रजीचा, तिथे "शेडमध्ये"ला तीन शब्द लागतात, आपला एकात होतो. म्हणून मराठीत बावीस-तेवीसमध्ये बसवा, तीस पूर्ण वापरले तर ओळ सुजते. हे हँडआउटमध्ये कुठेच नव्हतं, बारा जणांनी पोहे खाऊन शोधून काढलेलं आहे. पुढच्या बॅचला तरी छापून द्या म्हणावं.

आता क्रिटिकची पद्धत, ज्याच्यासाठी मी खोलीला पैसे वसूल म्हणतोय. लिहिणाऱ्यानं स्वतः वाचायचं नाही. कागद शेजाऱ्याला द्यायचा, तो दोनदा मोठ्यानं वाचतो, मग कागद उलटा ठेवतात आणि तिसरा कोणीतरी सांगतो की मला ह्यात कुठली फिल्म दिसली. लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. हे "तोंड उघडायचं नाही" किती कठीण आहे ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही, आतून नुसतं होत असतं की अहो तसं नाहीये, तो त्याचा सख्खा भाऊ नाहीये. पण प्रोड्युसरच्या मेलमध्ये आपण बाजूला उभं राहून सांगायला जाणार आहोत का? मग फक्त प्रश्न विचारायचे. "मी असतो तर असं केलं असतं" म्हणणाऱ्याला सर पोह्यांच्या प्लेटा गोळा करायला लावायचे, मी दोनदा केल्या.

माझी दुसऱ्या वेळची ओळ तर अजून मोठी झाली होती, ४७ शब्द. कारण मला सगळं घालायचं होतं. बाबा मिलमध्ये होते, लहानपणापासून हेच ऐकत आलोय, हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी सुटले ते २०२३ च्या डिसेंबरात, म्हणजे बत्तीस वर्षं, आणि आमच्या बॅचमधल्या सॉफ्टवेअरवाल्या पोराला तर इंदूरच्याच विजयनगरला राहून हे माहीतच नव्हतं. मला वाटलं ही बत्तीस वर्षं ओळीत नाही आली तर काय उपयोग. वाचणाऱ्याचा श्वास मध्येच तुटला. सर म्हणाले, "ही पार्श्वभूमी आहे, गोष्ट नाही. बत्तीस वर्षं सगळ्यांचीच गेली. तुझ्या माणसाला ह्या शुक्रवारी काय पाहिजे ते सांग." हे शुक्रवारचं डोक्यात बसलं.

मग तिसऱ्या रविवारी ही नेली: "बंद मिलच्या शेडमध्ये शेवटची झांकी बांधणाऱ्या सत्तरीतल्या फिटरला ती अनंत चतुर्दशीच्या आत पुरी करायचीय, कारण दुसऱ्या दिवशी ती शेड पाडायचं कंत्राट घेतलंय त्याच्याच मुलानं."

इंदूरबाहेरच्यांसाठी, आमच्याकडे अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या निघतात, ट्रॉल्यांवर हलणारे देखावे, लायटिंग, पुढे आखाडे काठ्या-तलवारी फिरवत, रात्रभर गर्दी. मिला बंद पडल्या तरी झांक्या बंद झाल्या नाहीत, कामगार चंदा गोळा करून काढतात. ओळ वाचली गेल्यावर खोलीत "वा" झालं, मुलगाच कंत्राटदार हे सगळ्यांना आवडलं, मी खुर्चीत जरा मागे टेकलो. तेवढ्यात सुदामा नगरच्या टिफिनवाल्या ताई म्हणाल्या, "पण चतुर्दशीला तर झांकी शेडमधून निघून जाणार ना? मग दुसऱ्या दिवशी शेड पाडली तर ह्यांचं काय बिघडलं?"

शांतता. खरंच काय बिघडलं! दोन वर्षं आणि ११० पानं आणि हे माझ्या लक्षात आलेलं नाही. स्क्रिप्टमध्ये पण तसंच आहे, शेवटच्या वीस पानांत बाप आणि मुलगा भांडतात त्याला काही कारणच नाही, आणि मला नेहमी वाटायचं की तिथे डायलॉग कमी पडतायत. ओळ लहान असते म्हणून भोक दिसतं, ११० पानांत ते झाकलं जातं. त्या दिवशी घरी जाऊन तारीख बदलली, शेड चतुर्दशीच्या आधी पाडायची, आणि ओळ झाली: "बंद मिलच्या शेडमध्ये शेवटची झांकी बांधणाऱ्या सत्तरीतल्या फिटरला अनंत चतुर्दशीपर्यंत शेड उभी ठेवायचीय, आणि ती त्याआधी पाडून द्यायचं कंत्राट घेतलंय त्याच्याच मुलानं." बावीस शब्द. मोजून.

ह्या ताईंबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे. सगळ्यात शेवटी बसायच्या, दर रविवारी साडेबाराला उठून जायच्या कारण दुपारचे डबे. स्क्रीनप्ले वगैरे लिहिलेला नाही, भाचीनं नाव घातलं म्हणून आल्या. आणि पहिल्या दिवशी त्यांनी जी ओळ आणली होती ती अशी: "तीस वर्षं लोकांना जेवू घातलेल्या बाईच्या जिभेची चव जाते आणि महिन्याभरानं मुलीच्या लग्नाचं जेवण तिलाच करायचं असतं." मी सांगतो, बारा जणांत ही एकच ओळ होती जिला फळ्यावरचा एकही शब्द लागला नाही. कोण ते कळतं, पाहिजे काय ते कळतं, महिन्याची मुदत आहे, आणि उलटी गंमत आहे की जिच्या हाताला चव म्हणून नाव, तिचीच चव गेली. ह्या उलट्या गमतीला सर आयरनी म्हणतात, आणि ड्रामाच्या ओळीत ती असली की अर्धं काम झालं म्हणतात. क्रिटिकमध्ये एकच प्रश्न आला, की ती घरात सांगत का नाही? सांगितलं तर आचारी बोलावतील, संपलं. ताई म्हणाल्या, "सांगितलं तर उद्यापासून डबे कोण घेईल?" झालं, तेच मग ओळीत आलं. मला विचाराल तर फिल्म बनावी ती ह्यांची.

सॉफ्टवेअरवाल्या पोराचं थोडक्यात, त्याची ओळ ६१ शब्दांची, त्यात चार नावं आणि एक टाइम मशीन, शेवटच्या रविवारपर्यंत ३८ वर आणली, टाइम मशीन काढली नाही. आणि एक गृहस्थ होते त्यांनी चारही रविवार आपली ओळ वाचूच दिली नाही, चोरी होईल म्हणून. त्यांना सरांनी नीट समजावलं की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतोच, सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा निकाल आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स, एका नाटकाच्या लेखकानं केस केली होती की फिल्म माझ्या नाटकावरून उचलली, आणि कोर्टानं सांगितलं की कल्पना, विषय, प्लॉट ह्यावर हक्क नाही, ती ज्या प्रकारे मांडली त्यावर आहे. म्हणजे ओळ कुलुपात ठेवून फायदा नाही, पूर्ण स्क्रिप्ट लिहा आणि मग मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे मेंबर होऊन रजिस्टर करा. गृहस्थांनी सगळं लिहून घेतलं आणि ओळ खिशातच ठेवली. २४०० रुपये भरून चार रविवार पोहे खाल्ले त्यांनी, माझा काही आक्षेप नाही.

आता ज्याच्यावर चिडलोय ते. लेखी क्रिटिक. तीन ओळींचे मी ९०० भरले, चार दिवसांत रिपोर्ट म्हणाले होते, अकराव्या दिवशी आला, ते पण मी दोनदा मेसेज केल्यावर. उघडलं तर प्रत्येक ओळीखाली एक परिच्छेद: कल्पना आश्वासक आहे, नायकाचं ध्येय अधिक स्पष्ट करावं, पणाला काय लागलंय ते वाढवावं, भावनिक खोली आणावी. झांकी हा शब्द रिपोर्टमध्ये कुठेच नाही! मुलगा नाही, शेड नाही. मला संशय आला म्हणून ताईंना विचारलं, त्यांनी पण एक ओळ पाठवली होती, फोन शेजारी शेजारी ठेवून बघितले तर परिच्छेद तोच. कानामात्रा तीच. त्यांच्या बाईला पण "नायकाचं ध्येय". ज्या लोकांनी फळ्यावर धुरकट शब्द बंद केले त्यांनीच असा धुरकट रिपोर्ट विकावा म्हणजे कमाल आहे. सरांनी लिहिलेला नव्हता तो, नंतर कळलं, आयोजकांनी दुसऱ्या कोणाला तरी दिलं होतं, का कुठल्या मशीनला ते देव जाणे. मी नुसता धुसफुसत बसलो, ताईंनी सरळ फोन लावला आणि म्हणाल्या, एकच भाजी दोन डब्यांत घातली तर चालते, पण मग एक जैन आहे असं सांगून पैसे घेऊ नका. संध्याकाळपर्यंत त्यांचे ३०० आणि माझे ९०० दोन्ही परत. तर पैसे परत करतात, हे त्यांच्या बाजूनं लिहायला पाहिजे, पण मागावे लागतात.

चौथा रविवार अर्धा वाया गेला. मुंबईहून कोणी पाहुणे व्हिडिओ कॉलवर होते, चाळीस मिनिटं बोलले, त्यात "कंटेंट" शब्द इतक्यांदा आला की काकांनी रेघा मारून मोजायला सुरुवात केली. एक गोष्ट मात्र कामाची सांगितली त्यांनी, की मेलच्या विषयातच लॉगलाइन घालू नका, तिथे फिल्मचं नाव आणि प्रकार लिहा, आणि आत आल्या आल्या पहिली ओळ लॉगलाइन, त्याच्या आधी "मी लहानपणापासून लिहितो" वगैरे नको. मी माझा जुना मेल काढून बघितला. लहानपणापासूनच सुरू होत होता.

वर्कशॉप संपल्यावर एक वेगळाच रोग लागलाय. बायको आणि मी सानंद ह्या इथल्या संस्थेच्या मराठी नाटकांना जातो, आता परत येताना स्कूटरवर आम्ही दोघं त्या नाटकाची लॉगलाइन करतो, ती मागून सांगते, मी सिग्नलपर्यंत शब्द मोजतो. मागच्या नाटकाला तिनं पलासियाच्या चौकापर्यंत एकोणीस शब्दांत बसवलं, मी अजून पहिलाच माणूस ठरवत होतो. चोवीसशे तिचे भरायला पाहिजे होते.

आणि बाबांना पण वाचून दाखवली माझी ओळ. बाबा ७८ चे आहेत, ऐकायला थोडं कमी येतं म्हणून दोनदा वाचली, म्हणजे पद्धतीप्रमाणेच झालं. मी तोंड बंद ठेवून बसलो. बाबा म्हणाले, "फिटर कशाला झांकी बांधेल रे? सांगाडा वेल्डर करतो, बाहुल्या करणारे वेगळे, कपडे वेगळे. फिटर फक्त खालची मोटार आणि गिअर बसवतो, ज्यानं रावणाची मान हलते." मी म्हटलं बाबा लोकांना काय कळणार. ते म्हणाले, "चौदसच्या रात्री रस्त्यावर उभा असतो त्या सगळ्या कामगारांना कळेल." मग पुढे कितीतरी वेळ ते एका वर्षी मान अडकली होती आणि चालत्या ट्रॉलीखाली कोण शिरलं होतं ते सांगत राहिले, हे मी कधीच ऐकलेलं नव्हतं, आणि ते स्क्रिप्टमध्ये पण नाहीये. आता "झांकी बांधणाऱ्या"च्या जागी "झांकी हलवणाऱ्या" केलंय. शब्द बावीसच राहिले.

तर पाचपैकी साडेतीन. खोली घ्या, रिपोर्टचं पॅकेज घेऊ नका, आणि हँडआउट घरी नेऊन मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला वापरा, कागद चांगला आहे. पुढची बॅच दिवाळीनंतर म्हणतायत. गाडी गल्लीत लावू नका, समोरचे दुकानदार हवा सोडतात, मी तिसऱ्या रविवारी ढकलत नेली आहे पंक्चरवाल्यापर्यंत.